मायक्रो

परीक्षा जवळ आली की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच शब्द ऐकू येतो, "दादा, मायक्रो." पानभर नोट्स काड्यापेटीएवढ्या होऊन बाहेर येतात. मोज्यात, ओढणीच्या टोकात कुठेही मावतात. माझ्या इंग्रजी शाळेत याला चीटिंग म्हणायचे आणि त्या शब्दाची भीती वाटायची. इथे मायक्रो म्हटलं की अक्षरांबरोबर ती गोष्टही बारीक होऊन जाते, इतकी की कुणाला खुपतच नाही.

परवा रांगेत माझ्यापुढे आमच्या वर्गातली ऋतुजा होती. तिला भेटायला गावाहून आलेले वडीलही बरोबर होते. दुकानदाराने दिलेला कागद त्यांनी कौतुकाने हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेला.

"अगं, इतकं बारीक? डोळे जातील तुझे."

"काका, हल्लीच्या पोरी हुशार आहेत," दुकानदार हसत म्हणाला. "बरोबर वाचतात."

काका माझ्याकडे वळले.

"तूपण असंच बारीक करून वाचतेस का गं, बाळा?"

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. फक्त 'हो' म्हण, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

"नाही, काका."

त्यांनी कागदाकडे पुन्हा पाहिलं, मग लेकीकडे. कागद तिच्या हातात न देता त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

"मिळालं समाधान?" ऋतुजा हळूच म्हणाली.

मी खरं तेच बोलले होते. तरी कॉपी करताना मीच पकडली गेल्यासारखी माझी मान खाली गेली.