फणसाचा ओटा

आमची ही गेल्यावर मी दुसरं काही करत नव्हतो. सकाळी उठून पडवीत बसायचं आणि जेवायला हाक आली की आत जायचं. वर्ष उलटलं तरी तेच. सूनबाईला ते बघवेना. तिने मला न विचारता माझं नाव बागकामाच्या वर्गात घातलं. माणिकपूरला एक हॉल आहे, तिथे बागा कशा राखायच्या, झाडं कशी छाटायची ते शिकवतात. शिकून झालं की या टॉवरवाल्या सोसायट्यांमध्ये काम मिळतं.

मी म्हटलं, "या वयात मला नोकरीला लावतेस का?"

"नोकरी नका करू. नुसते जाऊन बसा. इथेही बसताच ना."

सूनबाईचं तोंड माझ्यासारखंच फटकळ आहे. मी गेलो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळा जन्म भातात आणि केळीत गेला. खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे, त्यातली आता घरापुरती उरलीय. वाटलं होतं, झाडाबद्दल मला कोण काय शिकवणार. पण तसं नव्हतं. केळीचा घड उतरवला की केळ आपण कापून टाकतो. जे झाड कापायचंच नाही त्याचं काय करायचं, हे मला कधी शिकावं लागलं नव्हतं.

शिकवायला एक मॅडम होत्या, माझ्या सुनेहून लहान. शेतकीच्या कॉलेजात शिकलेल्या. पहिल्यांदा करवत हातात दिली तेव्हा मी आमच्या रीतीने वरून एका दमात फांदी कापली. फांदी खाली आली ती खोडाची लांबलचक साल ओढून घेऊनच.

मॅडम म्हणाल्या, "काका, आधी खालून थोडी चीर द्यायची. मग पुढे सरकून वरून कापायचं. वजन उतरलं की मग राहिलेला खुंट काढायचा. म्हणजे साल फाटत नाही."

माझ्या बाजूला अर्नाळ्याची एक बाई होती. पूर्वी मासे विकायची, आता टोपली डोक्यावर घेववत नाही म्हणून हे शिकायला आलेली. ती म्हणाली, "बाबा, तुमी तर मोरी सोलली." मोरी म्हणजे मोठा मासा, त्याची कातडी काढूनच तो कापतात. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो होतो, म्हणून लक्षात राहिलं.

आता ओट्याचं सांगतो.

घरापुढे फणस आहे. लग्न होऊन आली त्या वर्षी हिने माहेरचा फणस खाऊन त्याची आठळी अंगणात पुरली होती, त्याचं हे झाड. माझा मुलगा सातिवलीला एका गाळ्यात कामाला आहे, तिथे ग्रॅनाइट कापतात. आई गेली तेव्हा तो रडला नाही. नंतरही कधी तिचं नाव काढलं नाही. पण वर्षश्राद्धाच्या आधी रविवारी रविवारी बसून त्याने फणसाभोवती ओटा बांधला. विटांचा गोल, आत कंबरेएवढी माती दाबून भरलेली, वर काळा ग्रॅनाइट. खोडापाशी हात जाईल एवढीच फट सोडलेली. समोरच्या अंगाला आईच्या नावाची पाटी, अक्षरं त्याने स्वतः कोरलेली. श्राद्धाला आलेल्या सगळ्यांनी वाखाणला. मलाही आवडला. मी पडवी सोडून तिथे बसायला लागलो.

एक दिवस मॅडमनी आम्हाला विरारच्या एका सोसायटीच्या बागेत नेलं. तिथल्या बकुळीच्या बुंध्याची माती त्यांनी हाताने बाजूला केली.

"हे बघा, खोड खाली येऊन पसरतं आणि मुळं सुरू होतात ना, ही झाडाची मान. ही उघडी पाहिजे. लोक हिच्यावर माती चढवतात, पार बांधतात, फरशी लावतात. मग साल आतल्या आत कुजते."

मी विचारलं, "वरून कळतं कसं?"

"उशिरा कळतं. एका अंगाची पानं पिवळी पडतात. शेंडे वाळतात. फळ धरतं आणि गळतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाणी घालतात."

मी तिथेच कडेला बसलो. आमच्या फणसाची कुयरी, म्हणजे कोवळी फळं, त्या वर्षी सगळी गळत होती. घराकडच्या अंगाची पानं पिवळी होती. आणि मुलगा रोज कामावरून आला की ओट्याच्या फटीत बादली ओतत होता.

अर्नाळ्याची बाई जवळ आली. "बाबा, चक्कर आली काय? पानी प्या."

"चक्कर नाही. हे आमच्या घरी झालंय." तिला सगळं सांगितलं.

"मग तोडा की ओटा."

"पोराने आईच्या नावाने बांधलाय."

ती म्हणाली, "मग पोराला काय नका सांगू. झाडालाच सांगा, मरू नको म्हनून."

मॅडमना मी विचारलं, ओट्याला खाली भोकं पाडली तर चालेल का. त्या म्हणाल्या, "नाही काका. माती खाली उतरवावीच लागेल. उशीर झाला असेल तरी उतरवा."

त्या दिवशी जेवताना मी मुलाला सरळ सांगितलं. आडून बोलायचं मला जमत नाही.

"फणस मरतोय. ओटा काढावा लागेल."

"कोण म्हणालं?"

"मॅडम."

"तिने आपलं झाड बघितलंय का?"

"मी बघितलंय."

"बाबा, त्याच्यावर आईचं नाव आहे."

"नाव दगडावर आहे. मरतंय ते झाड."

तो ताटावरून उठला. सूनबाईने त्याचं ताट झाकून ठेवलं. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. पाणी घालायचं मात्र त्याने सोडलं नाही, उलट वाढवलं.

तो कामावर गेल्यावर दोन माणसं बोलावून मी ओटा फोडू शकलो असतो. घर माझं, झाड माझं. पण फोडला नाही. आईसाठी जे रडायचं होतं ते सगळं त्याने त्या विटांमध्ये घातलं होतं. ते त्याच्या पाठीमागे फोडलं असतं तर फणस कदाचित वाचला असता, पण पोरगा माझ्या हातचा गेला असता. आणि वाट बघावी तर फणस जाणार. अंगणात रोज सकाळी काळी पडलेली कुयरी झाडायची, एवढंच माझ्याकडे होतं.

मग एका रविवारी तो बादली घेऊन आला तेव्हा मी ओट्यावर बसून फटीतली माती हाताने उकरत होतो. खुरपं घेतलं नाही, कारण सालीला लोखंड लावायचं नाही असं वर्गात सांगितलेलं. तो उभा राहून बघत होता. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा मी बाजूला झालो.

"हात घाल."

"कशाला?"

"घाल तर."

त्याने बादली ठेवली आणि हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना काळी साल चिकटून आली होती, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. त्याने हात नाकाशी नेला. आंबट घाण वास होता, मला लांबूनही येत होता.

"हे मी केलं?"

"बांधलास तू. बसलो मी. वाखाणला गावाने."

तो आत गेला. मला वाटलं आता दार लावून घेईल. पण तो कापायचं मशीन घेऊन आला. आधी नावाची पाटी सोडवली, टवका न उडवता. ती सूनबाईच्या हातात दिली. मग ग्रॅनाइट, मग विटा. सूनबाई घमेल्याने माती टाकत होती. खोड जवळ आलं तसं मशीन बंद केलं आणि आम्ही दोघं गुडघ्यावर बसून हाताने माती काढायला लागलो. बाप-लेक इतके जवळ कधी बसलो होतो, आठवत नाही.

माती काढता काढता तो म्हणाला, "पण आईला ओटा आवडला असता ना?"

हो म्हणायला काय जात होतं. पण खोटं तोंडात येईना.

"तिला बसायला वेळ कुठे होता? ओट्यावर तिने मिरच्या वाळत घातल्या असत्या. तू बसला असतास तर तुलाही उठवलं असतं."

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा, हात मातीत तसेच ठेवून. सूनबाई घमेलं घेऊन मागच्या मागे आत गेली. मी त्याच्याकडे बघितलं नाही, गप्पही केलं नाही. माती काढत राहिलो.

नंतर मॅडम येऊन बघून गेल्या. वाळलेल्या फांद्यांपैकी खालच्या माझ्याकडून कापून घेतल्या, वरच्यांसाठी दोर आणि पट्टा बांधलेला माणूस आणला. अर्ध्या अंगाची साल जिवंत आहे म्हणाल्या. जगेल का, ते पावसाळा झाल्याशिवाय सांगता येणार नाही.

मुलगा आता कामावरून आला की बादली घेत नाही. बुंध्याशी उकिडवा बसतो, पडलेली पानं हाताने बाजूला करतो आणि मला विचारतो, "बाबा, हे बरोबर आहे ना?" मी बघतो आणि सांगतो.