उरलेलं तेल

आज आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकांनी एका आजारी बाईच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. खोबरेलाचा वास मागच्या बाकापर्यंत आला आणि मला आमचं कामरगावचं घर आठवलं.

माझ्या नवऱ्याला लकवा मारला, त्या उन्हाळ्यात देवळाच्या मंडळीतली माणसं घरी प्रार्थनेला आली होती. तेव्हाच्या पाळकांनी नवऱ्याच्या कपाळाला असंच तेल लावलं. बराच वेळ मोठमोठ्यानं प्रार्थना झाली. मग पाळक म्हणाले, "उठा भाऊ, प्रभूनं तुमाले बरं केलं." दोघांनी बखोटीला धरून त्यांना उभं केलं आणि सोडलं. ते खाटेच्या कडेवर आदळले. ओठ फुटला.

पाळक माझ्याकडे वळले. "बाई, या घरात विश्वास कमी हाये."

चहा पिऊन सगळे गेले. मी तेल आणि रक्त पुसत होते. नवरा वाकड्या तोंडानं, अडखळत म्हणाला, "मले पाडलं अन् चहा पेऊन गेले. आता तू बी जाशीन?"

"कुठी जाऊ? लग्नात देवापुढं हो म्हटलं ना मी. व्हा पलीकडं, चादर काढू द्या."

ते मरेपर्यंत त्यांचं हगणंमुतणं मीच काढलं. त्यांची कूस बदलायला मंडळीतलं कोणी कधी आलं नाही. पाळकांचं ते बोलणं मला तेव्हा खरं वाटलं होतं आणि मी मान खाली घातली होती. आता त्या खाली घातलेल्या मानेचाच राग येतो.

उपासना संपल्यावर आजारी बाईच्या सुनेला मी दारात गाठलं. म्हटलं, "बाटलीत तेल उरलं असन तं मागून घे. सासूच्या पाठीले चोळाले कामी पडते."