साडूंनी काढलेला माहूरचा अंदाज

माझ्या साडूंनी मला फसवले. चुकून नव्हे, ठरवून, कागदावर नीट आकडे मांडून आणि वर माझ्याच हातून त्या आकड्यांना मान्यता घेऊन फसवले. मी हिंगोलीच्या बैलबाजारात अनवाणी पायाने आलो तेव्हा माझ्याजवळ एक दोरी होती आणि तिच्या टोकाला बैलही नव्हता. तिथून मी स्वतःच्या गोठ्यापर्यंत आलो. वाशिमच्या व्यापाऱ्यांना, परभणीच्या दलालांना, दात घासून म्हातारा बैल तरणा करणाऱ्या कसबी लोकांना मी पुरून उरलो. मला आयुष्यात एकाच माणसाने गंडवले, आणि तो माणूस तहसिलीत नकला उतरवणारा कारकून होता, ज्याला बैलाचे शिंग कोणते आणि खुंट कोणता हे अंधारात सांगता आले नसते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणे. अंदाज काढल्याशिवाय या माणसाने उभ्या जन्मात काही केले नाही. कचेरीतले रद्दी कागद ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात पुढच्या खर्चाची कलमे मांडत. लग्नाला जायचे तर आहेर किती, बैलगाडीला वंगण किती आणि जेवण वाईट निघाले तर वाटेत खायला फुटाणे किती, हे आधी लिहून ठेवीत. एकदा आम्ही दोन्ही घरची मंडळी मिळून नरसीच्या जत्रेला गेलो, तेव्हा त्यांच्या कागदावर 'हरवण्यासाठी : दोन आणे' असे कलम होते. जत्रेत एवढी गर्दी, काहीतरी हरवणारच, असा त्यांचा हिशोब. पण संध्याकाळ झाली तरी काही हरवेना. माणूस बेचैन झाला. गाडी जुंपायची वेळ झाली तरी ते देवळापाशीच घुटमळत होते. शेवटी त्यांनी दोन आणे पारावर ठेवले, तोंड फिरवले आणि गाडीत येऊन बसले. मी चिडून विचारले, "काहून ठेवले?" तर म्हणाले, "सौदागर, जे लिहिलं ते व्हाया पाहिजे. न्हाई तर मंग लिहिणाऱ्याची किंमत काय?" ते मला सौदागर म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेले नाही.

माझ्या रागाचाही ते अंदाज काढीत. हे मला पुष्कळ उशिरा समजले. आमच्या प्रवासाच्या कागदावर एक ओळ असे : 'सौदागरांचा राग : रोज दोन वेळा, दर वेळी अर्धा तास. बैलांची विश्रांती त्यातच.' आणि खरोखर, मी वाटेत कोणाशी भांडायला उतरलो की साडू गाडीतून उतरून शांतपणे बैल सोडीत, त्यांना पाणी दाखवीत, पेंड घालीत. मी घसा कोरडा करून परत येई तोवर बैल ताजे झालेले असत. मला वाटे, किती समजूतदार माणूस, आपल्या भांडणात पडत नाही.

आता माहूरचे सांगतो. आमच्या थोरल्याला विषमज्वर झाला होता, तेव्हा बायकोने रेणुकेला बोलून ठेवले होते की लेकरू उठले तर गडावर येऊन माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. लेकरू उठले, हिंडू-फिरू लागले, शाळेतून पळून येऊ लागले, पण नवस तसाच राहिला. मध्ये एका हिवाळ्यात तिची छाती भरली. हकीमसाहेबांच्या काढ्याने ती महिनाभरात चुलीपुढे बसली. चुलीपुढे बसली म्हणजे बरी झाली, असे मी समजलो. बैल उठून वैरण खाऊ लागला की आम्ही तेच समजतो. मग तिने नवसाची आठवण काढली, मी होय म्हणालो आणि साडूंनी कागद घेतला.

माहूरचा अंदाज म्हणजे सोपे काम नव्हते. पैनगंगा दोनदा ओलांडावी लागे. पहिल्यांदा ओलांडली की निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागे, म्हणजे इंग्रजांचा अंमल. पुढे पुन्हा ओलांडली की पुन्हा निजाम. त्यामुळे आधी निजामाचा हाली रुपया, मग इंग्रजी कलदार, मग परत हाली, आणि दर नाक्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई बोचकी उचकटायला बसलेले. साडूंनी आठ दिवस खपून पहिला कागद आणला. त्यात गाडीच्या कण्यापासून कापराच्या वडीपर्यंत सगळे होते. शेवटी एक ओळ होती : 'गडावर डोली : एक.'

मी भडकलो. "डोली? आपल्यात लंगडं कोण हाय? नवस पायानं फेडतेत का दुसऱ्याच्या खांद्यावर बसून?"

बायको तिथेच तांदूळ निवडत होती. साडूंनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "मला काय झालंय, दाजी? मी चढते की."

"बराबर," साडू म्हणाले आणि त्यांनी डोलीची ओळ खोडली. इतक्या सहज खोडली की मला आपल्या आवाजाचा अभिमान वाटला.

पुढच्या आठवड्यात ते दुसरा कागद घेऊन आले. त्यात डोली नव्हती. पण भाव! कडबा, पेंड, नदीवरच्या नावाड्याची मजुरी, धर्मशाळेतले सरपण, सगळ्याला जणू पंख फुटले होते. मी म्हणालो, "कडबा काय सोन्याच्या ताटाचा हाय का?" ते म्हणाले, "लढाई चालून राहिली, सौदागर. समदं महागलं." मला मनातून आनंदच झाला. इतका वाईट भाव सांगणारा माणूस समोर आला की माझ्या अंगात बारा बैलांचे बळ येते. मी म्हणालो, बायकांसमोर आकडे नकोत, बाजारच्या रीतीने बोलू. उपरणे पसरले, दोघांचे हात त्याखाली घेतले आणि बोटे धरून एकेका कलमाचा सौदा सुरू केला. बैलबाजारात असेच चालते. तोंडाने बैलाचे गुणदोष बोलायचे आणि किंमत उपरण्याखाली बोटांनी सांगायची, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही.

दुपारभर आम्ही तसे बसलो. साडू कण्हले, देवाचे नाव घेत राहिले, दोनदा उठून जातो म्हणाले. त्यांचा हात कारकुनाचा, मऊ आणि घामेजलेला. दर कलमाला मी चौथाई उतरवली आणि दर वेळी त्यांनी शेवटी माझी बोटे सोडून मान खाली घातली. संध्याकाळी मी इतका खूश होतो की त्यांना आग्रह करून जेवायला ठेवले. ठरलेली रक्कम निम्मी त्यांनी, निम्मी मी काढली आणि थैली त्यांच्या कमरेला गेली.

आम्ही दोघे साडू आणि त्या दोघी बहिणी, असे चौघे निघालो. वाटेत मी नियमाप्रमाणे रोज दोनदा भांडलो. नावाड्याशी भांडलो, नाक्यावरच्या शिपायाशी भांडलो, पुसदच्या पेठेत एका नारळवाल्याशी तर इतका भांडलो की बैलांची झोपसुद्धा झाली. पाचव्या दिवशी गडाच्या पायथ्याशी पोचलो. सकाळी साडू दिसेनात. मी म्हणालो, गेले असतील कुठे कापराचा भाव काढायला. बायको, तिची अक्का आणि मी चढायला लागलो. मी पुढे. मला मागे वळून बघायची सवय नाही; बाजारात जो मागे बघतो त्याचा सौदा जातो.

थोडे चढल्यावर अक्काची हाक आली. वळून पाहिले तर बायको पायरीवर बसलेली. खणाची पुडी छातीशी धरलेली, तोंड उघडे, ओठ निळसर, आणि तिचा श्वास मला दहा पायऱ्यांवरून ऐकू येत होता. असला श्वास मी बैलाचा ऐकला असता तर तो बैल फुकटही घेतला नसता. मी धावत खाली आलो. काय बोलावे कळेना, म्हणून ओरडलो, "आधी काहून सांगितलं न्हाई?" बोलायला तिच्याजवळ वारा नव्हता.

तेवढ्यात खालच्या वळणावरून चार भोई डोली घेऊन आले. मागे साडू, धोतराचा सोगा खोचून, घामाने भिजलेले.

"ही कुणी सांगितली?" मी गरजलो.

"मी."

"पैसे?"

"दिले. निम्मे तुमचे, निम्मे माझे."

"खोडली होती ना ओळ!"

"ओळ खोडली, सौदागर. बाई तीच हाय ना?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या मागं तीन बाजार बसलो मी दगडावर, सौदा झाला की इकणाऱ्यांला आकडे इचारून घेतले. तुमी चौथाई उतरवल्याबिगर थांबत न्हाई अन् उतरली की पुढं मागत न्हाई. म्हून तेवढं आधीच चढवून मांडलं. उतरून जे राहिलं त्यात डोली बराबर बसली."

मी हात उगारणार होतो. पण माझी बायको त्या वेळी डोलीत बसत होती, आणि बसताना तिने साडूंकडे पाहिले, माझ्याकडे नाही. मी वर जाईपर्यंत डोलीच्या मागून चाललो. तिने स्वतःच्या हाताने ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, हळकुंडे. एक दाणाही खाली पडला नाही.

परतीच्या वाटेवर मी एकदाही भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी बैल जिभा काढू लागले तेव्हा साडूंनी हात जोडले, "सौदागर, जरा चिडा की कोणावर तरी. मुक्या जनावरांला तकलीफ होऊन राहिली." त्यावर अक्का हसली, बायको हसली, आणि मीही हसलो. पण आत काहीतरी लागून राहिले होते.

ते अजून आहे. पैशाचे नाही. पैसे तर मी त्यानंतर चौपट मिळवले. माझ्या घरातल्या बाईला चढ चढवत नाही, हे अक्काला ठाऊक होते, साडूंना ठाऊक होते, बहुतेक हकीमसाहेबांनाही ठाऊक होते. मला तेवढे ठाऊक नव्हते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याचे वय सांगणारा मी, आणि माझ्या घरातले दुखणे पलीकडच्या गल्लीत साडूंच्या घरी जाऊन सांगितले गेले. तिला मी कितीदा विचारले. ती भाकरी थापता थापता म्हणते, "आता काय त्याचं? दाजींनाच विचारा."

आणि दाजी तर इथे नाहीत. निजामाचे राज्य बुडाले त्या गडबडीच्या साली पुष्कळ लोक नदीपलीकडे वऱ्हाडात गेले, तसे ते अक्काला घेऊन पुसदला लेकीकडे गेले. आता सगळे शांत झाले, माणसे परत आली, दुकाने उघडली, तरी हे येत नाहीत. मी पत्र घातले की उत्तर येते, 'परतीचा अंदाज काढून राहिलो, एक कलम बसत नाही.' कोणते कलम, ते लिहीत नाहीत. त्यांची दाढ दुखते, डोळ्यांना कमी दिसते आणि अक्षर पूर्वीसारखे सरळ येत नाही, हे मात्र मला कागदावरून कळते.

मी गाडी पाठवायला तयार आहे. वाटखर्च माझा, सांगतील तो, बोटे न धरता. पण त्यांनी एकदा यावे, माझ्यासमोर बसावे आणि जाब द्यावा : तिने त्यांना ते कधी सांगितले, कोणत्या शब्दांत सांगितले, आणि सांगताना ती रडली होती का. मी मध्ये बोलणार नाही.