कॉलेजच्या पोरांनी काट्या काढल्या ते वर्ष

आमचं गाव घाटनांदूर आणि सिरसाळ्याच्या मधल्या माळावर आहे. दिवाळी झाली की गाव ऊस तोडायला निघून जातं. मुकादमाचे ट्रक येतात, त्यात जोडपी चढतात, लेकरं चढतात, शेळ्याही चढतात. मागे आम्ही म्हातारे उरतो आणि शाळेपायी ठेवलेली थोडी लेकरं. जाताना जो तो दाराला कुलूप लावतो आणि ओसरीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकतो. कुलूप माणसासाठी असतं, काट्या कुत्र्या-डुकरांसाठी. ओसरीत चूल असते, सरपण असतं, कुणाचा कडबा असतो. गाव परत येईपर्यंत त्या काट्या हलवायच्या नसतात.

त्या वर्षी लेक-सुनेला घेऊन ट्रक गेल्यावर थोड्याच दिवसांत माझा हात मोडला. पंचायतीच्या नळावरून हंडा आणताना पाय घसरला. हाताला प्लास्टर बसलं आणि घरातली सगळी कामं नातीच्या अंगावर आली. ती नववीत होती. आमच्या खालच्या आळीला नळ नव्हता, पाणी पंचायतीपासून आणावं लागायचं. पाण्याच्या मोटारीची लाईट यायची तीही नेमकी शाळेच्या वेळेला. आधी तिचे पहिले तास बुडायचे, मग सगळी शाळाच बुडायला लागली.

लेकाला फोनवर ते कळलं. तो म्हणाला, "संक्रांतीला येतो अन् तिला घेऊन जातो. तुला मावशीकडं ठेवतो. तुझ्यानं आता होत न्हाई."

कारखान्यावर गेलेली पोरगी शाळेत परत येत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. तिथं कोपीत, पाचटाच्या झोपडीत, वयात आलेली पोर एकटी कशी ठेवायची म्हणून वर्षभरात तिचं लग्न लावून टाकतात. माझं तसंच लागलं होतं. मी चौथी शिकले होते, तेवढीच राहिले. नातीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं, पण एका हातानं मी काय करणार होते?

अशात तालुक्याच्या कॉलेजचं शिबिर आलं. पोरं-पोरी, डोक्याला पांढऱ्या टोप्या, पुढे कापडी फलक, सोबत त्यांचे एक सर. शाळेच्या खोल्यांत उतरले. पहाटे प्रभातफेरी निघाली. स्वच्छतेच्या घोषणा देत पोरं बंद दारांच्या आळीतून चालली होती. पारावर बसलेला शेजारचा म्हातारा म्हणाला, "कुणाला सांगायलेत बे? कुलपाला?"

पोरं हसली आणि पुढे गेली. बायकांसाठी रांगोळीची स्पर्धा ठेवली होती, तिला शेजारीण आणि मी अशा दोघीच गेलो. माझा हात गळ्यात होता.

मग त्यांनी गाव साफ केलं. मन लावून केलं, ते मी नाकारत नाही. दुपारी बघते तर सगळ्या आळीतल्या काट्या गोळा करून पांढरीच्या मोकळ्या जागेत त्यांचा जाळ केलेला. एका ओसरीत कुत्री अंग टाकून पडलेली, दुसऱ्या ओसरीत डुक्कर कडब्यात शिरलेलं. मी तशीच शाळेवर गेले.

"सर, काट्या कावून जाळल्या?"

"रस्त्यात आल्या होत्या, आजी. कुणाच्या पायात जातील म्हणून."

"कुणाच्या पायात? गावात पाय हायतच कुठं? ती लोकायची राखण होती."

मला वाटलं हा माणूस आता मला समजावून सांगेल. शिकलेली माणसं चुकली की समजावून सांगतात. हा तसा निघाला नाही. त्यानं सगळ्या पोरांना बोलावून माझ्यासमोर सांगितलं, "आपण न विचारता केलं. उद्याचं व्याख्यान रद्द. उद्या काट्या तोडायच्या आणि ज्याच्या-त्याच्या दाराला लावून द्यायच्या."

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं गायरानात. हात रक्ताळून घेतले. शेजारचा म्हातारा काठी टेकत मागे फिरत होता. "बुंधा बाहेर ठेव रं, मालक आल्यावर काढील कसा?" कुठल्या घराला काट्या होत्या आणि कुठल्या घरात माणूस आहे हे पोरांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पोरं दारोदार विचारत हिंडली. घर कुणाचं, ते कुठं गेले, मागे कोण राहिलं. जे आल्या दिवशी विचारायचं ते त्यांनी असं विचारलं. पण विचारलं.

माझ्या दारात एक उंच पोरगी आली. तिच्या बापाचा तालुक्याला फळांचा गाडा होता. त्याच वेळी नात हंडा घेऊन निघाली होती.

"तू शाळेत नाही गेलीस?"

"पाणी आलंय," नात म्हणाली.

त्या पोरीनं दुसरा हंडा उचलला. येईपर्यंत अर्धं पाणी अंगावर सांडलं होतं. ओली झालेली ती माझ्याजवळ बसली. मी विचारलं, "हे तुमी मार्कासाठी करता ना?"

"हो आजी. आता अभ्यासातच आहे गावात काम करणं. मार्क आहेत म्हणूनच आले, नाहीतर अब्बा पाठवत नव्हते."

हे उत्तर मला आवडलं. सेवा-बिवा म्हणाली असती तर मी पुढे बोलले नसते. मग मी तिला संक्रांतीचं सांगितलं. ती उठून सरांकडे गेली.

संध्याकाळी पथनाट्य होतं. त्याऐवजी सरांनी आम्हा म्हाताऱ्यांना शाळेच्या अंगणात बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?" कुणी म्हणालं देवळाला रंग द्या, कुणी म्हणालं पाराला फरशी.

मी म्हणाले, "रंग नगं. खालच्या आळीत पाणी आणा. शाळेची लेकरं पाण्यामागं फिरायलीत."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "हिला नातीचं पडलंय."

"पडलंच हाय. तुझा नातू काय शाळेत बसलाय? सकाळी घागर घेऊन कोण पळतंय?"

मग त्यानंच सांगितलं की पंचायतीनं आणलेली प्लास्टिकची टाकी ऑफिसमागे पडून आहे, तिच्यात कोंबड्या बसतात. ती खालच्या आळीत बसवून मोटार चालू असताना भरली तर लेकरं शाळेतून आल्यावर पाणी घेतील. सर तसेच मोटारसायकलवर सरपंचाकडे गेले. सरपंचानं टाकी दिली, पाइप दिला. पाइपाचा चर खोदायला माणूस मात्र गावात नव्हता.

ते पोरांनी केलं. आमची जमीन मुरमाड. टिकावाचे दांडे मोडले, तळहाताला फोड आले. एका पोरानं तर आईला फोन लावून रडून घेतलं आणि परत खोदायला आला. आम्ही म्हाताऱ्या घमेली घेऊन गेलो, निम्मी भरून का होईना वाहिली. सिरसाळ्याहून गवंडी आला, त्यानं टाकीसाठी ओटा बांधला.

शिबिर संपलं तेव्हा चर निम्माच झाला होता. ट्रॅक्टरमध्ये गाद्या भरून पोरं गेली. मी म्हटलं, झालं. असली कामं मी लई पाहिली आहेत. फोटो निघतो आणि खड्डा तसाच राहतो, मग त्यात शेळी पडते.

रविवारी एसटीतून पोरं उतरली. सगळी नाही, पण बरीच. पुढे सर, खांद्यावर टिकाव. मार्क तर शिबिरालाच मिळून गेले होते. पुढच्या रविवारीही आली, काम पुरं होईपर्यंत येत राहिली. मला या लोकांचं कौतुक आहे ते एवढ्यासाठी. चुकतात सगळेच. चुकल्यावर परत त्याच गावात तोंड दाखवायला येणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

फळवाल्याची पोरगी दर खेपेला आमच्याकडे जेवायची. तिनं नातीला बुडालेलं गणित शिकवलं, नातीनं तिला भाकरी शिकवली. गणित जमलं. भाकरी नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी लेक आला. पिशवी खाली ठेवली.

"ती कुठाय?"

"शाळेत."

"अन् पाणी?"

मी टाकीकडे बोट केलं. तो गेला, तोटी सोडली, बंद केली, परत सोडली. येऊन माझ्यासमोर बसला.

"तुझा हात?"

"प्लास्टर निघालंय. मूठ वळत न्हाई अजून. भाकरी ती सकाळी करून जाती. शाळा बुडत न्हाई."

"तिकडं मोळ्या बांधायला माणूस कमी पडतंय, माय. दोघांच्यानं उरकत न्हाई."

"मला ठावं हाय. मी बांधल्यात."

"मुकादमाला सांगितलंय मी, पोरगी आणतो म्हणून."

"मग आता सांग, न्हाई येत."

त्याचे हात उसाच्या पाचटानं कापलेले होते. त्याचं खोटं नव्हतं, पण मी बोललेलं परत घेतलं नाही.

नात शाळेतून आली. बापाला बघून टाकीपाशीच थांबली, पुढे येईना. दप्तर दोन्ही हातांनी धरलेलं.

"हातपाय धू," तो म्हणाला. "जेवू."

संक्रांत करून तो दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. फाट्यावर जीप यायची होती. नात आणि मी सोबत गेलो. जीप दिसल्यावर तो म्हणाला, "परीक्षा झाल्यावर बघू."

"दहावी झाल्यावर बघू," मी म्हणाले.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटाच जीपमध्ये बसला. धूळ खाली बसेपर्यंत नात उभी राहिली. मग मी तिला म्हणाले, घंटा होईल आता. ती तशीच फाट्यावरून शाळेत गेली.