एक्केचाळीस नंबरचा बनियन

विठोजीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो कुणाचा तरी पाठलाग करतोय असं मला वाटलं. १९९५चा जानेवारी होता. नोकरीतून निवृत्त होऊन मला दोन महिने झाले होते आणि सकाळी जयनगरच्या बागेत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना मनातल्या मनात मार्क देणं हा माझा नवा उद्योग होता. अंगात बनियन, पायात चामडी चपला, गळ्यात मोजमापाची टेप आणि कानावर खडू, असा एक चाळिशीचा किडकिडीत माणूस धापा टाकत तीनदा माझ्यासमोरून गेला. त्याच्या पुढं कुणीच नव्हतं. चौथ्या फेरीला मी विचारलं, "कोण पळालं हो, माप न देता?"

तो थांबला. "कोणी नाही, टीचर. मीच पळतोय. ओळखलं नाही? दिवाळीचे तुमचे दोन्ही ब्लाउज मीच कापले. डावा खांदा स्वल्प उतरता आहे तुमचा."

वह्यांच्या पिशवीनं उतरवलेला तो खांदा मी लगेच पदरानं झाकला. त्याच्या दुकानात मी नऊ वर्षं जात होते, मशीनवर वाकलेलं त्याचं डोकं तेवढं पाहत होते आणि नऊ वर्षं त्याला बसवंत समजत होते. सगळंच गिऱ्हाईक तसं समजायचं, कारण दुकानावरची पाटी 'बसवंत टेलर्स'. "बसवंत आहे का?" असं कुणी विचारलं, की समजावत बसण्यापेक्षा विठोजी "आहे" म्हणून मोकळा व्हायचा.

खरा बसवंत त्याचा मेहुणा, दुकानाचा मालक. विठोजी चौदाव्या वर्षी त्याच्याकडं काम शिकायला आला, तेव्हा कापड जमिनीला लागलं की बसवंत हातावर लाकडी पट्टी मारायचा. पुढं विठोजीनं त्याच्या बहिणीशी, जमनाबाईशी लग्न केलं. बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा. तेव्हापासून पट्टी बंद झाली आणि शिव्या आदरार्थी झाल्या. "दाजी, आपण गाढव आहात का?" असं बसवंत अगदी नम्रपणे विचारायचा.

पळण्याचं कारणही कापडच. दुकानाला चाळीस बनियनांची ऑर्डर आली होती, छातीवर नंबर शिवून. देवनहळ्ळीच्या बाजूला नोव्हेंबरमध्ये ट्रायथलॉन होती: तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. विठोजीनं कापड असं बेतलं की एक बनियन जास्तीचा निघाला. त्यावर त्यानं एक्केचाळीस नंबर शिवला, मापाला म्हणून अंगात घातला आणि काढायला तयार होईना.

"अण्णा, मी भाग घेतो," तो बसवंतला म्हणाला.

"दोन तासांत सगळं उरका, दाजी. पाटीवर तुमचं नाव घालतो. नाही जमलं तर हा पाटीचा विषय जन्मात काढायचा नाही."

विषय विठोजीनं काढलाच नव्हता. पण सव्वीस वर्षं तो त्या पाटीखालून वाकून आत जात होता, हे बसवंतलाही माहीत होतं.

माझ्याकडं शाळेच्या खेळांसाठी घेतलेलं एक स्टॉपवॉच होतं. तेवढ्या भांडवलावर मी त्याची कोच झाले.

पळणं आलं. सायकल दूधवाल्याची होती, कॅन काढल्यावर बरी पळायची. पोहणं मात्र तो आजोळच्या विहिरीत शिकलेला. विहिरीत माणूस कडेकडेनं गोल फिरतो. पोहण्याच्या तलावातही तो तसाच डावीकडं वळायचा आणि शेजारच्या रांगेतल्या एका निवृत्त बँक मॅनेजरला धडकायचा. तीन धडकांनंतर मी जमनाबाईला पिवळीधमक साडी नेसवून पलीकडच्या काठावर उभं केलं आणि त्याला सांगितलं, बायकोकडं बघत पोहा. "लग्नात पण इतकं बघितलं नव्हतं हो यांनी," जमनाबाई म्हणाली. विठोजी सरळ आला.

कपडे बदलण्याचीही आम्ही तालीम केली. "ओलं फेका, कोरडं चढवा!" मी ओरडायची. तो मान हलवायचा. "सरी, टीचर." म्हणजे कानडीत 'बरं'.

शर्यतीच्या दिवशी तळ्याच्या काठावरची जमनाबाई मध्येच पेरू घ्यायला दहा पावलं सरकली, तसा विठोजीही पाण्यात दहा पावलं सरकला. पण बाहेर आला तेव्हा वेळ ठीक होती. सायकलींजवळ माणसं ओले कपडे भिरकावून पळत सुटली होती. विठोजीनं टॉवेल झटकला, शिवणीला शिवण लावली आणि चार घड्या घातल्या.

"अहो, टाका ते!" मी ओरडले.

"हो टीचर, झालंच." मग चड्डीची घडी. मग एकवीस नंबरवाल्याचा शर्ट चिखलात पडलेला दिसला, तोही उचलला. सगळं मिळून तीन मिनिटं.

सायकलनंतर तो जीव खाऊन पळाला. शेवटच्या वळणावर एक चप्पल तुटली, तर ती हातात घेऊन पळाला. स्टॉपवॉचमध्ये दोन तास, एक मिनिट आणि चाळीस सेकंद झाले होते. मी ते घड्याळ पदराआड धरलं, पण शेजारी उभ्या बसवंतच्या मनगटावर स्वतःचं होतं.

विठोजी खाली बसला. "नाही जमलं, अण्णा. परत विषय काढणार नाही."

"एवढा वेळ कुठं गेला?" बसवंतनं मला विचारलं. मी सायकलींकडं बोट दाखवलं. चिखलात सगळीकडं कपड्यांचा राडा होता आणि त्यात एका वर्तमानपत्रावर एक गठ्ठा, कडेला कड लावून, दुकानातल्या फळीवर ठेवावा तसा. बसवंत त्याच्यापाशी बराच वेळ उभा राहिला. वरच्या टॉवेलची कड त्यानं उगाच चाचपून पाहिली.

"बघतोस काय?" जमनाबाई म्हणाली. "तुझ्याच पट्टीचं पीक आहे हे, अण्णा. त्या घड्यांचा वेळ वजा कर."

बसवंत विठोजीला म्हणाला, "दाजी, आपण गाढवच आहात. पण ती चड्डी चिखलात टाकून तुम्ही दोन तासांत आला असता ना, तर पेंटरला बोलावलं नसतं मी."

याला आता चार वर्षं झाली. पाटीवर 'बसवंत विठोजी टेलर्स' असं लिहिलेलं आहे. 'विठोजी'ची अक्षरं थोडी लहान आहेत, कारण पेंटरला जागा पुरली नाही. विठोजी दर नोव्हेंबरला शर्यतीत उतरतो, अजून एकदाही दोन तासांत आलेला नाही, आणि सकाळी साडेनऊला दुकान तोच उघडतो.