एक नाव, दोन तळी

वसूशी माझं शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं. राहुरीच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना तिनं विचारलं, "वहिनी, पिशव्या शिवून झाल्या का?" मी म्हटलं, "आधी बरी हो." "भात माझ्यासाठी थांबणार आहे का?" ... दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याला पाच आठवडे झाले. ईरा, निहार, तुम्हाला वसूआजी म्हणजे व्हिडिओ कॉलवर जीभ काढून दाखवणारी म्हातारी, एवढीच ठाऊक. म्हणून हे लिहिते आहे.

ती माझी नणंद, लग्न न केलेली, वनस्पतींची अभ्यासक. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या तळ्यांत आपोआप उगवणारं रानभात, म्हणजे देवभात, हा तिचा विषय. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून तिथल्या बायका ते जपतात. वसू म्हणायची, उद्या आपल्या भातावर नवा रोग आला तर त्याचा उतारा कुठल्या रानभातात असेल, ते आज कुणीच सांगू शकत नाही. याचा दाणा पिकला की गळून पाण्यात पडतो, कापणीची वाट बघत नाही. म्हणून आधीच लोंब्यांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या. त्या मी शिवायची.

माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. डबा तिथे चिठ्ठी. एकदा वसू माझ्याकडे बियांची दोन पाकिटं ठेवून गेली. दोन्हींवर लिहिलेलं, देवभात. मी दोन्ही एका बरणीत ओतली, सुवाच्य इंग्रजीत चिठ्ठी लावली आणि पाकिटं फेकून दिली. त्यांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं 'वरचं तळं' आणि 'खालचं तळं' लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. बरणी पाहून वसूनं आधी विचारलं, पाकिटं कुठे आहेत?

"अगं, नाव एकच होतं!"

"आडनाव तर आपलंही एकच आहे, वहिनी. म्हणून तू आणि मी एक का?"

मग तिनं एकेक दाणा वेगळ्या कुंडीत लावला. प्रत्येक रोपाच्या पानातला डीएनए काढून दोन्ही तळ्यांतल्या रोपांशी ताडून पाहिला. जनुकीय खुणांचे ते पट्टे दाखवत म्हणाली, "हे बघ, हिचं माहेर सापडलं!" सगळ्यांची माहेरं सापडली. खालच्या तळ्यातल्या काही खुणा वरच्यात नव्हत्याच. तळी राखणाऱ्या हौसाबाईंना हे सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "आमी कवाचं सांगतोय, त्या जावा हायेत, बहिनी न्हाईत. त्याला यंत्र कशाला लागतंय?"

"साहेबांसाठी, हौसाबाई."

साहेब आलेच. खालचं तळं बुजवून पर्यटकांच्या गाड्या लावायला जागा करायची होती. "मॅडम, देवभात वरच्या तळ्यात आहेच ना?" वसूनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझीच बरणी बोलत होती! त्यानंतर वसूनं तळ्याबद्दलची एकही बैठक चुकवली नाही. लोक तिला तळेवाली बाई म्हणून चिडवायचे. ती त्याच नावानं सही करायला लागली.

गेल्या आठवड्यात ग्रामसभा होती. तिच्या जागी मी गेले. साहेबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. उठले आणि रिकामी बरणी टेबलावर ठेवली. "साहेब, ही चूक मी करून बसले आहे. ती निस्तरता आली, कारण दोन्ही तळी जिवंत होती. तुम्ही तळंच बुजवलंत, तर मग कुठल्या पानाशी ताडून बघणार?"

मागून हौसाबाई ओरडल्या, "लिवून घ्या की साहेब! का कान बी बुजवले?"

हात वर झाले. काम तूर्त थांबलं. तूर्त म्हणजे काय, ते मला कळतं. ते पुन्हा येतील. आम्हीही येऊ.

काल हौसाबाईंचा हात धरून गुडघाभर पाण्यात उतरले आणि खालच्या तळ्यात पिशव्या बांधल्या. वरच्या तळ्याला लाल दोरा ठेवला आहे, खालच्याला निळा. बरणी पुन्हा फळीवर आहे. चुकीची चिठ्ठी माझ्या घरात एक दिवस टिकत नाही, पण ही मी काढणार नाही. तिच्यावर, माझ्या अक्षराखाली, वसूनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे : 'मागची बाजू वाचावी.'