नवरीचं कोपर

आमच्या धाकट्या जावेला सगळं घर कोपर म्हणतं. माझी पोरं तिला कोपरकाकू म्हणायची, आता त्या पोरांची पोरं कोपरआजी म्हणतात. खरं नाव विचारलंत तर निम्म्यांना डोकं खाजवावं लागेल. हाक मारली की ती ओ देते. पण ओ देण्याआधी दात कसे आवळते, ते शेजारी राहून मी जन्मभर पाहिलंय.

हे नाव पडलं एका फोटोपायी. तिच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो. त्या काळी आमच्यासारख्यांच्या लग्नात फोटोवाला उपकार केल्यासारखा यायचा, घरच्यांना ओळीत उभं करायचा, एक फोटो काढायचा आणि तिपाई काखोटीला मारून चालता व्हायचा. तर त्या फोटोत सासू-सासरे आहेत, तिघे भाऊ आहेत, मी आहे पण डोळे मिटलेली. मधोमध थोरल्या जाऊबाई आहेत, मान कलती, हसू गालभर. आणि त्यांच्या पाठीमागून एक कोपर बाहेर आलंय. ती नवरी.

कोपर देखणं आहे, नाही असं नाही.

त्या एका फोटोसाठी पोरीनं काय नाही केलं! माहेरी आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच डोळा दिसायचा. म्हणून ती डब्याच्या चकचकीत झाकणात बघून हसायचा सराव करायची. दात किती दाखवायचे, ओठ किती ताणायचे, सगळं ठरवलेलं. उन्हात जाणं सोडलं. नव्या चपला पाय चावू नयेत म्हणून घरातल्या घरात घालून फिरली. पोशाख स्वतः शिवला, बाह्या उसवून पुन्हा शिवल्या. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, आणि सांगताना झाकणात बघितल्यासारखं हसून दाखवलं. तेव्हा मला कळलं, केवढं रूप बघायचं राहून गेलं ते.

फोटोवाला म्हणाला होता, "कुणी हलू नका." मी जाऊबाईंना खेटून उभी होते. त्या हलल्या. एक पाऊल पुढे, जरासं आडवं, आणि खटका उडाला. फोटो हातात आला तेव्हा म्हणतात कशा, "अगं बाई, मला कुणीतरी ढकललं! गर्दीत होतं असं." गर्दी कसली? मागे नवरी, शेजारी मी. पण तोवर आमच्या घरात देखणी बाई एकच होती, आणि ती दोन व्हायला तयार नव्हती.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. जाऊबाईंनी तो फोटो मोठा करून आपल्या बैठकीच्या खोलीत लावला. कुणी नवं माणूस आलं की त्याला भिंतीपाशी नेणार. "ओळखा बघू, यात नवरी कुठाय?" पाहुणा बिचारा एकेका बाईवर बोट ठेवणार, अगदी सासूबाईंवरसुद्धा. मग जाऊबाई कोपर दाखवणार आणि हसून हसून लोळणार. आणि चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यापुढे कोण उभी? तीच.

धाकटे भाऊजी ट्रक चालवायचे. माणूस कमी बोलणारा. ते एवढंच म्हणायचे, "मला विचाराल तर मी कोपर बघूनच होकार दिला." ती लटकं रागवायची. तेवढ्यापुरती जखमेवर फुंकर घातली जायची. भाऊजी गेले तेव्हा ती थोरल्यांकडे गेली. म्हणाली, "जाऊबाई, तो फोटो मला द्या. ह्यांचा नवरदेव म्हणून तेवढा एकच आहे."

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पण त्यात तू आहेस कुठे?"

मी तिथेच बसले होते. जिना उतरताना धाकटी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "ताई, तो फोटो त्या भिंतीवरून खाली येणार. आणि त्या स्वतःच्या हातानं काढून देणार."

तिचं काम पडद्यांचं. मोठमोठ्या हॉलचे, नाटकाच्या स्टेजचे, हॉटेलांचे पडदे शिवणाऱ्या कारखान्यात ती मशीनवर बसते. या वयातही जाते. मालक म्हणतो, हिच्यासारखी सरळ शिलाई दुसऱ्या कुणाची येत नाही. तिच्या केसांत कायम कापडाचा भुसा, आणि एका रंगाचे दहा प्रकार तिला नुसत्या नजरेनं सांगता येतात. घरी आली की पाय वर करून बसते आणि मला कारखान्यातल्या गमती सांगते. सुडाचं मात्र चकार शब्दानं बोलत नव्हती. मला वाटलं, विसरली. पण ती विसरणाऱ्यांतली नव्हे. आमच्याकडे म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मग थोरल्यांच्या नातवाचं लग्न ठरलं.

जाऊबाईंची तयारी बघण्यासारखी होती. ऐंशीला टेकलेली बाई, पण तोंडाला लेप काय, डोळ्यांवर काकडी काय. पार्लरवाली घरी यायची. एकदा मी अचानक गेले तर लेप लावून बसलेल्या. बोलायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून हातवारे करून मला 'बस' म्हणाल्या. मी घाबरून उभीच राहिले.

इकडे धाकटीचीही तयारी चाललेली. ती सकाळी चालायला जायला लागली. कवळी नीट बसवून घेतली. पूर्वीची हसण्याची सवय मोडली होती, ती आरशासमोर पुन्हा जोडली. आता तिच्याकडे आरसा चांगला माणसाएवढा आहे. मलाही शिकवायची. "ताई, हनुवटी आत घेऊ नका, किंचित पुढे. खांदे सोडा. आणि खटका उडायच्या आधी श्वास सोडा, म्हणजे चेहरा मऊ राहतो. धरून ठेवला की माणूस पोस्टाच्या पेटीसारखं दिसतं." मी श्वास सोडला. ती म्हणाली, "एवढा नाही. आजारी वाटता."

आणि एक दिवस जाऊबाई स्वतः तिच्या दारात. "कोपर, तुझा हात चांगला चालतो म्हणतात. माझा पोशाख तूच शिव. घरचीच आहेस, बाहेरच्याला कशाला सांगायचं? पण असा शिव, की फोटोत मी उठून दिसले पाहिजे."

"रंग कुठला घेऊ, जाऊबाई?"

"हिरवा. हिरवा मला पहिल्यापासून खुलतो."

"हॉल कुठला ठरला?"

जाऊबाईंनी सांगितला. धाकटीनं मान हलवली आणि टेप घेऊन त्यांची मापं घेतली. इतक्या मायेनं घेतली, की मलाच संशय आला.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर खोलीभर हिरवी मखमल. अशी भारी, की हात फिरवला तर बोटांच्या रेघा उमटाव्यात. "उरलेलं कापड," ती म्हणाली. "मालक बायकांना देतो, त्याला सांगूनच आणलंय." मी म्हटलं, "अगं, थोरलीला एवढं उंची कापड? तू मला कधी रुमाल नाही शिवलास." ती कात्री हातात घेऊन कापड उलटं-सुलटं करत बसली.

"काय बघतेस?"

"लव. मखमलीला लव असते, ताई. लव खाली असेल तर एक रंग, वर असेल तर तोच रंग काळपट. बेतताना चुकायला नको."

"मग आता कुठली धरणार?"

"खाली. पडद्याची खालीच आहे."

"कुठल्या पडद्याची?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग झाकणात बघून शिकलेलं ते हसू हसली. त्या हॉलचा नवा पडदा तिनंच शिवला होता. घरच्या लोकांचे फोटो काढायच्या जागेमागे तो लागणार होता. आणि हे त्याच ताग्यातलं कापड.

मी सांगते, मी तिला अडवायला हवं होतं असं अजून कुणी कुणी म्हणतात. का म्हणून? मी उठून दार लावून घेतलं आणि सुया ओवून दिल्या.

जाऊबाईंनी पोशाख घालून पाहिला तेव्हा आरशापुढून हलेनात. गळ्यापासून पायघोळ, बाह्या मनगटापर्यंत. "कोपर, हात सोन्याचा आहे तुझा. एवढी वर्षं कुठे लपवला होतास?"

"तुमच्या मागे," धाकटी म्हणाली. जाऊबाईंना ऐकू आलं नाही, त्या स्वतःला बघण्यात गुंग होत्या.

लग्नाच्या दिवशी धाकटी आली ती लिंबासारख्या पिवळ्या पोशाखात. बाह्या मुद्दाम आखूड, कोपर उघडं. पावडर इतकी हलकी, की लावलीय हे कळू नये. पायात जुनेच बूट, पॉलिश केलेले. म्हणाली, "पाय दुखला की पहिला तोंडावर दिसतो."

विधी आटोपले. फोटोवाली मुलगी, तिशीतलीच असेल, मोठ्या चटपटीत आवाजात म्हणाली, "आता घरची मंडळी! इकडे या सगळे." आणि हॉलच्या माणसानं दोरी ओढून हिरवा पडदा सोडला.

मला वाटलं, आता कळणार. जाऊबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे, आणि आनंदानं टाळीच वाजवली. "बघा! पडदासुद्धा मला शोभेलसा लावलाय."

अति झालं आणि हसू आलं म्हणतात, ते असं. मी हसू खोकल्यात घातलं.

त्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. नवरा-नवरीला त्यांनी जरा बाजूला सरकवलं. नवी नवरी बिचारी मुकाट सरकली. धाकटी त्यांच्या उजव्या हाताला, मी तिच्या पलीकडे.

"थोडं मागे घ्या, आजी. पडद्याला टेकून. छान. आता कुणी हलू नका."

आणि जाऊबाई हलल्या! सवय जाते कुठे? एक पाऊल पुढे, जरासं आडवं. या वेळी धाकटीच्या नाही, नव्या नवरीच्या पुढे.

धाकटीचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. अगदी बेतानं. जाऊबाई "आई गं" करून मागे गेल्या, पडद्याला पाठ लागली, पण कॅमेरा दिसताच सवयीनं हसल्या आणि खटका उडाला.

"लागलं का, जाऊबाई?" धाकटीनं विचारलं. "मला कुणीतरी ढकललं. गर्दीत होतं असं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्यांना आठवलं असणार, पण फोटोवाली म्हणाली, "मस्त! अजून एक," आणि त्या पुन्हा नव्या नवरीच्या पुढे सरकून मान कलती करून हसल्या.

फोटो आले ते आधी नातवाच्या मोबाइलवर. तो बघता बघता खुर्चीवरून घसरला. नवी सून त्याला "काय झालं, काय झालं" विचारत राहिली, मग तीही तोंडावर हात धरून आतल्या खोलीत पळाली. पहिल्या फोटोत सगळे होते. नवरी पूर्ण, नवरा पूर्ण. धाकटी अशी लखलखीत, की नातू म्हणाला, "ही बाई कोण?" मी होते, डोळे उघडे. आणि मधोमध हिरव्या पडद्यावर जाऊबाईंचं हसरं मुंडकं आणि खाली दोन पंजे. बाकी बाई गायब. प्रत्येक फोटोत तेच. एकीकडे मान कलती, तर एकीकडे सरळ; आणि पहिला सोडला तर बाकीच्यांत नवी नवरी त्यांच्या आड.

दुसऱ्याच दिवशी घरातल्या एका चिमुरडीनं त्यांना 'मुंडीआजी' म्हणून हाक मारली. मग थांबतंय कोण?

धाकटीनं तो पहिला फोटो मोठा करून घेतला, जाड चौकटीत बसवला आणि मला घेऊन थोरल्यांकडे गेली. नातू आणि नवी सून घरीच होते. "नव्या जोडीला माझ्याकडून भेट," ती म्हणाली. "बैठकीत लावा. खिळा आहेच."

जाऊबाई लाल झाल्या. "तू मुद्दाम केलंस."

"मी? तुम्हीच म्हणालात हिरवा. तुम्हीच म्हणालात उठून दिसायचंय. जाऊबाई, येईल तो आधी तुमच्याकडेच बघेल."

"मी हा इथे लावू देणार नाही."

नवी सून हळूच म्हणाली, "पण आजी, माझा पूर्ण चेहरा याच एका फोटोत आलाय. बाकीच्यांत तुम्ही माझ्यापुढे आहात."

धाकटी फोटो छातीशी धरून उभी होती आणि भिंतीकडे बघत होती. "एक होईल," ती म्हणाली. "हा मी परत नेते. त्याच्या बदल्यात तो द्या. तुमच्या हातानं काढून."

शेवटी जाऊबाईंनी स्टूल ओढलं. नातू धावला तर त्याला झिडकारलं. स्वतः चढल्या, जुना फोटो काढला, पदरानं काच पुसतात की काय असं वाटलं, पण नाही, तशाच धुळीसकट तिच्या हातात दिला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला.

आता तो फोटो धाकटीच्या खोलीत आहे, मशीनच्या वर. भाऊजी त्यात नवरदेव आहेत, आणि त्यांच्या बाजूला तिचं कोपर. ती काच रोज पुसते.

मी एकदा विचारलं, "झालं ना समाधान? आता तरी त्यांना माफ करशील?"

"त्यांना?" ती धागा दातानं तोडत म्हणाली. "छे हो, ताई." आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या मोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. "तो मी परत आणला, पण फाडेन असं कुठे म्हणाले? नवी सून आली होती काल. तिला एक छोटी प्रत हवीय, पाकिटात ठेवायला. मी म्हटलं, एक कशाला, चांगल्या दहा घे, माहेरीही वाट."